पाण्याला जागा, हाताला काम

(मंडी मोहल्ला, म्हैसूर येथे भरलेल्या अभ्यासवर्गात मराठी भाषक रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या सत्रात महागाई भत्ता, जुनी पेन्शन आणि कंत्राटीकरण यांवर जोरदार चर्चा झाली. जेवणानंतरचा विषय 'शहरातील पाणी' असा आहे हे कळल्यावर दोघा-तिघा साथींनी मला विचारले, "हे काम नगरपालिकेचे. आपल्या युनियनचा त्याच्याशी काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आधी देतो, मग पुढे जाऊ.

मुसळधार पावसात रूळ पाण्याखाली गेले की कमरेइतक्या पाण्यात कंदील घेऊन कोण उभा असतो? ट्रॅकमन. कागद पाडून वातानुकूलित केबिनमध्ये बसलेला अधिकारी नव्हे. गुडघाभर पाण्यातून, कुठे गटाराचे झाकण उघडे असेल याचा अंदाज घेत, टपालाची थैली छातीशी धरून बटवडा कोण करतो? पोस्टमन. आणि घरी परतल्यावर तळमजल्याच्या क्वार्टरमध्ये शिरलेले पाणी बादलीने उपसतो तोही आपणच. एप्रिल-मे महिन्यांत त्याच वसाहतीत टँकरमागे कळशी घेऊन धावतात त्या आपल्याच घरच्या बायका. पावसाळ्यात पाण्यात बुडायचे आणि उन्हाळ्यात पाण्यावाचून तडफडायचे, ही दोन दुखणी नाहीत. हे एकच दुखणे आहे, आणि त्याची किंमत कामगार मोजतो. म्हणून हा विषय आपला आहे.

आता पुस्तकातून सुरुवात न करता या मंडी मोहल्ल्यातूनच करू. संध्याकाळी चहाला बाहेर पडलात की काही मिनिटांत सय्याजीराव रस्ता लागेल. देवराज मार्केट याच रस्त्यावर आहे आणि दसऱ्याची हत्तीची मिरवणूकही याच रस्त्याने बन्निमंटपाकडे जाते. नाव वाचून मराठी माणसाला बरे वाटते, कारण हे आपले बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. पण या रस्त्याच्या पोटात काय आहे ते फार थोड्यांना माहीत असते. इथे एक मोठा नाला होता. टिपू सुलतानानंतर म्हैसूरचे दिवाण झालेले पूर्णय्या यांनी कावेरीचे पाणी शहरात आणण्याच्या हेतूने तो खणला, म्हणून त्याला पूर्णय्यांचा नाला म्हणत. पुढे त्याची घाणेरडी घळ झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरातला त्याचा भाग भरून काढला, वर रुंद रस्ता केला, दोन्ही बाजूंना दुमजली दुकाने उभारली आणि रस्त्याला सयाजीरावांचे नाव दिले. त्या काळच्या सरकारी ग्रंथात ही शहराची मोठी सुधारणा म्हणून नोंदलेली आहे.

त्या लोकांना मी दोष देणार नाही. ते दिवस पटकीचे आणि प्लेगचे होते. साचलेले घाण पाणी म्हणजे मरण, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. मुंबईत १८९६ साली प्लेग आला आणि १८९८ साली तिथे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला. म्हैसूरला तसेच मंडळ १९०३ साली झाले. अरुंद गल्ल्या मोकळ्या झाल्या, हवा खेळू लागली, हे चांगलेच झाले. पण या सुधारणेबरोबर एक सवयही लागली. अडचणीचे पाणी दिसले की ते बुजवायचे, आणि वर काहीतरी बांधायचे.

इथून स्टेशनकडे जाताना जीवरायन कट्टे नावाचे मैदान लागते. कानडीत 'कट्टे' म्हणजे बांध घातलेले तळे. आज तिथे मैदान आहे. दसऱ्याचे प्रदर्शन भरते ते दोड्डकेरे मैदान. 'दोड्ड केरे' म्हणजे मोठा तलाव. तलाव गेला, नाव राहिले. सुब्बरायन केरेचीही तीच गत. आपल्याकडे वेगळे काय झाले? मुंबईत धोबी तलाव आहे, त्यात तलाव नाही. सी. पी. टँक आहे, टँक नाही. गवालिया टँकवर १९४२ साली 'चले जाव'ची घोषणा झाली ती कोरड्या मैदानावर. कोल्हापुरात कपिलतीर्थावर भाजी मंडई बसली आणि वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले. बाहेरून नळाने पाणी आले की गावातली तळी निरुपयोगी वाटू लागतात. मुंबईला १८६० साली विहारचे पाणी आले, म्हैसूरला कावेरीचे पाणी पंपाने आले. पिण्यासाठी तळ्याची गरज उरली नाही हे खरे. पण तळे दुसरेही एक काम गुपचूप करत होते. पावसाचा पहिला मार ते अंगावर घेत होते. ते काम कोणी करायचे, याचा विचार झालाच नाही.

साथींनो, २६ जुलै २००५ हा दिवस आठवा. मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला पडला ७३ मिलिमीटर. लोकल जागच्या जागी थांबल्या, लोक रुळांवरून चालत निघाले. ऑगस्टमध्ये लेप्टोस्पायरोसिसने माणसे दगावली. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या समितीने या पुराची चौकशी केली. एक गोष्ट सगळ्यांपुढे आली ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मुंबईची जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, आणि त्या हिशेबात निम्मे पाणी जमिनीत मुरेल असे धरले होते. म्हणजे जुन्या इंजिनियरने गटाराबरोबर मातीलाही कामावर ठेवले होते! पुढे शहराने माती झाकली, मिठी नदी दोन्ही बाजूंनी आवळली, खाजणे भरली. निम्म्या कामगारांची छाटणी केली आणि उरलेल्या निम्म्यांनी सगळे काम उरकावे अशी अपेक्षा धरली. ही व्यवस्थापनाची रीत आपल्या चांगलीच ओळखीची आहे. १९९३ च्या आराखड्यात गटारांची क्षमता तासाला ५० मिलिमीटर करायचे ठरले, तेव्हा मातीत काही मुरेल हा भरवसाच सोडून द्यावा लागला.

त्याचा पुढचा अंक पाहा. दादर-परळच्या हिंदमाता भागात दरवर्षी पाणी तुंबते. तिथले पाणी साठवण्यासाठी अलीकडे महापालिकेने जवळच्या उद्यानाखाली आणि मैदानाखाली मोठाल्या टाक्या बांधल्या, पंप बसवले. म्हणजे ज्या शहराने तळी बुजवून मैदाने केली, ते शहर आता मैदाने खोदून तळी करते आहे. तीही सिमेंटची, झाकलेली आणि विजेवर चालणारी.

आता उपायाकडे वळू. जगभर याला 'हरित पायाभूत सुविधा' असे भारदस्त नाव दिले आहे. नावाने घाबरू नका. रेल्वेतल्या माणसाला हे दोन मिनिटांत समजते, कारण तो रोज खडीवर चालतो. रुळांखाली खडी कशासाठी असते? भार पसरवण्यासाठी, आणि पाण्याला वाट देण्यासाठी. खडीच्या फटींत माती, कोळशाची भुकटी आणि कचरा भरला की पाणी अडते, गाडी गेली की चिखल वर येतो, रूळ खचतो. मग आपण काय करतो? वर नुसती नवी खडी टाकून भागत नाही. खडी उपसतो, चाळतो, परत भरतो. आपले शहर हे माती भरलेल्या खडीसारखे झाले आहे. फटी बुजल्या आहेत. त्या पुन्हा मोकळ्या करायच्या, एवढाच या विषयाचा अर्थ.

प्रत्यक्षात काय करायचे ते वसाहतीच्या मापाने सांगतो. समजा, एका वसाहतीत ५० इमारती आहेत आणि प्रत्येकीचे छप्पर २०० चौरस मीटर आहे. एकूण छप्पर झाले १०,००० चौरस मीटर. एका जोरदार सरीत ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर या छपरांवरून पाच लाख लिटर पाणी खाली येते. दहा हजार लिटरचे पन्नास टँकर! हे सगळे पाणी आज आपण एकाच वेळी, एकाच गटारात, एका तासात ढकलतो. गटार भरले की ते आपल्याच उंबऱ्यातून आत येते. आणि मे महिन्यात आपण टँकर विकत घेतो.

म्हणून पहिला उपाय छपराचा. पन्हळीचे पाणी गाळून टाकीत किंवा जुन्या विहिरीत सोडायचे. रेल्वेच्या किती तरी वसाहतींत वाफेच्या इंजिनांच्या काळातल्या विहिरी आहेत. त्या कचऱ्याने भरल्या आहेत, त्या उपसा. दुसरा उपाय अंगणाचा. फरशीने आणि डांबराने सगळे अंगण झाकू नका. चालण्यापुरती वाट पक्की ठेवा. बाकी ठिकाणी फटी ठेवून ठोकळे बसवा, झाडाभोवती आळे मोकळे ठेवा. तिसरा उपाय चराचा. रस्त्याच्या कडेला सिमेंटच्या गटाराऐवजी जिथे जमेल तिथे उथळ, गवत लावलेला चर काढायचा. पाणी त्यातून सावकाश जाते, गाळ गवतात अडकतो, काही पाणी मुरते. चौथा उपाय तळ्याचा. सखल जागा मोकळी ठेवायची. आठ महिने मुलांनी तिथे खेळावे, पावसात चार तास पाण्याने तिथे बसावे.

यात पथ्येही आहेत आणि ती पाळावीच लागतात. रुळांच्या भरावाजवळ पाणी मुरवायचे नाही, नाहीतर भराव सुटेल. तिथून पाणी बाहेरच काढायचे. सोलापूर-नागपूरकडच्या काळ्या मातीत शोषखड्डा चांगला चालत नाही, तिथे उघडे तळे बरे. सांडपाणी शोषखड्ड्यात सोडायचे नाही, विहिरी नासतील. चरात पाणी दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त साचू द्यायचे नाही, नाहीतर डास होतील आणि डेंग्यू येईल. जुन्या लोकांनी नाला बुजवला तो याच भीतीने. ती भीती खोटी नव्हती, हे विसरू नका.

शिवाय हे उपाय म्हणजे जादूची कांडी नव्हे. चीनने २०१५ पासून 'स्पंज शहरे' उभारण्याची मोठी मोहीम घेतली. त्यातल्या झेंगझोऊ शहरात २० जुलै २०२१ रोजी एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि भुयारी रेल्वेत अडकून १४ प्रवासी मेले. एवढ्या पावसापुढे गवताचा चर काय करणार? तिथे वेळेवर गाडी थांबवण्याचा अधिकार आणि हिंमत लागते. आपल्याकडे २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली, तेव्हा हजाराच्या वर प्रवासी सुखरूप काढता आले, हे आपले भाग्य. तेव्हा मोऱ्या मोठ्या हव्यात, पंप हवेत, पावसाळी गस्तीला पुरेशी माणसेही हवीत. हिरवे उपाय त्यांच्या जोडीला आहेत, त्यांच्या बदल्यात नाहीत. 'झाडे लावली, आता गँग कमी करा' असे कोणी म्हणू लागला, तर त्याला तिथेच अडवा.

आता मुख्य मुद्दा. तलाव कशाने जगतो? उद्घाटनाने जगत नाही. इथले कुक्करहळ्ळी केरे १८६४ साली तिसऱ्या कृष्णराज वोडेयर यांच्या काळात झाले. स्टेशनापासून ते फार लांब नाही, उद्या पहाटे जरूर पाहून या. सांडपाणी आणि अतिक्रमण यांनी तेही मरणपंथाला लागले होते. विद्यापीठ आणि नागरिक मागे लागले तेव्हा ते सावरले. कारंजी केरे प्राणिसंग्रहालयाच्या ताब्यात आहे. त्याची डागडुजी झाली, तिथे तिकीट लागते, आणि रोज राबणारी माणसे आहेत. कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टरांची पाणथळ आहे, तिला २००२ साली रामसर यादीत स्थान मिळाले. शहराचे सांडपाणी तिथे उन्हात निवळते, त्यावर मासे पोसतात. ती पाणथळ टिकली कारण हजारो मच्छीमारांची चूल तिच्यावर पेटते. जिथे माणसाची भाकरी पाण्याला बांधलेली असते, तिथे पाणी जगते. जिथे ठेकेदाराचे बिल निघाले की काम संपते, तिथे चौथ्या पावसाळ्यात चर गाळाने भरतो आणि मग लोक म्हणतात, हे हिरवे खूळ फुकट गेले.

महाराष्ट्राला हे कोणी शिकवायला नको. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आईबापांनी काय केले? खडी फोडली, आणि पाझर तलाव खोदले, नालाबंडिंग केले. वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. २००५ साली देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा झाला त्यामागे हाच अनुभव होता. मागेल त्याला काम, आणि कामातून पाणी. खेड्यात जे चालले ते शहरात का चालू नये? केरळने २०१० साली अय्यनकाली यांच्या नावाने शहरी रोजगार हमी सुरू केली. तळी उपसणे, चर राखणे, विहिरी साफ करणे हे काम शहरात बारमाही आहे. बारमाही कामाला कंत्राटी माणूस कशाला? ते कायम नोकरीचे काम आहे, आणि ती मागणी आपण केली पाहिजे.

आणखी दोन गोष्टींत आपण सावध राहायला हवे. पहिली, गटारात उतरणाऱ्या साथींची. १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदा झाला, तरी माणूस गटारात गुदमरून मरतोच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूला दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. पण भरपाई हे आपले ध्येय नाही. गाळ काढायला यंत्र द्या, आणि माणूस आत उतरणार नाही हे पाहा. दुसरी गोष्ट झोपडीची. नदी मोकळी करायची म्हटले की पहिला बुलडोझर काठच्या झोपडीवर येतो, पात्रात भराव घालून उभ्या राहिलेल्या मोठ्या इमारतीवर येत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढा फुटून वस्त्यांत घुसला, तेव्हा वाहून गेले ते गरीबच. पाण्याला जागा द्यायची तर आधी माणसाला घर द्या, जवळच द्या, आणि मग हलवा. या क्रमात बदल आपण मान्य करू नये.

आपण काय करू शकतो? रेल्वेकडे देशभर प्रचंड जमीन आहे, वसाहती आहेत, यार्डे आहेत. टपाल खात्याच्या इमारती प्रत्येक शहराच्या मोक्याच्या जागी आहेत. तिथल्या प्रत्येक शाखेने या वर्षी तीन कामे घ्यावीत. एक, टपाल साथींनी आपापल्या बीटाचा एक साधा नकाशा काढावा. कोणत्या गल्लीत पाणी किती चढते, किती वेळ राहते, कोणती विहीर बुजवली, हे पोस्टमनइतके कोणत्याही इंजिनियरला ठाऊक नसते. दोन, रेल्वे साथींनी कीमॅन आणि ट्रॅकमन यांच्याकडून मोऱ्यांची यादी करावी. कुठली मोरी गाळाने भरली, कुठल्या मोरीच्या पलीकडचा नाला कोणी बुजवला, हे त्यात लिहावे. तीन, हे दोन्ही कागद एकत्र करून पावसाळ्याआधी प्रशासनापुढे आणि महापालिकेपुढे ठेवावेत. आणि वसाहतीच्या दुरुस्तीच्या पैशात छपराचे पाणी, विहीर आणि कायम माळी-मजूर यांची तरतूद मागावी. उत्तर आले नाही तर पुढे काय करायचे, ते या सभागृहात मी सांगण्याची गरज नाही.

शेवटचे सांगतो. ज्या सयाजीरावांच्या नावाचा रस्ता नाल्यावर बांधला, त्याच सयाजीरावांनी आपल्या बडोद्यासाठी आजव्याला मोठे सरोवर बांधले. १८९२ पासून ते शहराची तहान भागवत आले आहे. पण ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराने त्याच बडोद्यात घराघरांत पाणी शिरले. एकदा केलेले चांगले काम पिढ्यान्‌पिढ्या आपोआप चालत नाही. त्यामागे रोज राबणारे हात लागतात. ते हात आपले आहेत. तेव्हा पाण्याला जागा आणि हाताला कायम काम, या दोन मागण्या आपण एकाच निवेदनात लिहू.

संध्याकाळी सय्याजीराव रस्त्यावरून चालताना एक क्षण थांबा आणि खालचा नाला आठवा. पाणी आपली वाट विसरत नसते. आपणही ती विसरू नये.